तार जुळणं आणि सोयरीक जुळणं : जवळच्या बिनतारी संवादाच्या शब्दांचा इतिहास



आत येताना एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, "इतिहासाच्या व्याख्यानात ब्लूटूथ कशाला आणलंत? ते तर कालचं पोर." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो. यंत्र कालचं आहे, हे खरं. पण त्या यंत्राभोवतीचे शब्द, म्हणजे ट्यूनिंग, ब्रॉडकास्ट, चॅनेल, पेअरिंग, हे फार जुने आहेत. कुणी गाण्यातून आला, कुणी शेतातून, कुणी पाण्याच्या पाटातून, कुणी घरसंसारातून. आणि हे सगळे व्यवहार आपल्या मिरजेच्या पंचक्रोशीत पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. तेव्हा ही परिभाषा आपल्याला परकी वाटते ती शब्दांच्या वेशामुळे. आतला व्यवहार ओळखीचाच आहे.

आणखी एक कारण आहे. फोन विचारतो, "पेअर करायचं का?" आणि आपण अंगठा ठेवून मोकळे होतो. आपण नेमका कशाला होकार दिला, हे दहापैकी किती जणांना सांगता येईल? ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्यावर आपण रोज सही करतो आहोत. म्हणून हा विषय.

मराठीत 'जुळणे' हे एकच क्रियापद आपण दोन ठिकाणी वापरतो. तंबोऱ्याची तार जुळते, आणि दोन घरांची सोयरीकही जुळते. पण या दोन जुळण्या एक नव्हेत. तार सुरात आली की जुळली. सोयरीकीला मात्र ओळख लागते, चौकशी लागते, दोन्हीकडचा होकार लागतो. बिनतारी संवादाचा इतिहास म्हणजे पहिल्या जुळण्यापासून दुसऱ्या जुळण्यापर्यंतचा प्रवास. आजच्या व्याख्यानाचा हा धागा धरून ठेवा.

आधी 'बिनतारी' हा शब्दच घेऊ. वायरलेसला आपण बिनतारी म्हटलं. जे नाही त्यावरून नाव पडलं. तारायंत्राची इतकी सवय झाली होती की तारेशिवाय संदेश गेला, याचंच नवल. मग 'बिनतारी तारायंत्र' असा गमतीचा शब्दही रूढ झाला. पोलीस खात्यात 'बिनतारी संदेश' आजही आहे.

शास्त्राचे शब्द मराठीत आणायचा मोठा उद्योग आपल्याच शेजारी झाला, सातारा जिल्ह्यात, वाईला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम तिथे उभं राहिलं. विश्वकोशाचा पहिला खंड यायच्या आधी, १९७३ साली, परिभाषासंग्रहाचा खंड निघाला. म्हणजे आधी शब्द ठरवले, मग ज्ञान लिहिलं. विश्वकोशात फ्रिक्वेन्सीला 'कंप्रता' म्हटलं आहे, रेझोनन्सला 'अनुस्पंदन'. शाळेच्या पुस्तकात मात्र आपण 'वारंवारता' शिकलो, आणि दुकानात 'फ्रिक्वेन्सी' म्हणतो. एका गोष्टीला तीन शब्द, आणि तिन्ही शब्दांची माणसं वेगळी. हे लक्षात ठेवा, शेवटी याकडे परत येऊ.

आता मूळ घटनेकडे. बिनतारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातासमुद्रापलीकडचा संदेश येतो. पण ही विद्या जन्मली ती खोलीएवढ्या अंतरात. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहे इथे हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या, त्या प्रयोगशाळेच्या भिंतींच्या आत. एका टोकाला ठिणगी, दुसऱ्या टोकाला तारेच्या कड्यात बारीकशी ठिणगी.

आपल्या देशातलं मोठं नाव म्हणजे जगदीशचंद्र बोस. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लहरींच्या जोरावर, भिंतींपलीकडे, सुमारे ७५ फुटांवरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. बोस ज्या लहरींवर काम करत होते त्यांची लांबी मिलिमीटरांत मोजावी लागायची, काही तर पाच मिलिमीटरपर्यंत आखूड. या मापाच्या लहरी म्हणजे आजच्या भाषेत साठ गिगाहर्ट्झचा पट्टा. आज खोलीच्या खोलीत अतिवेगानं माहिती पाठवायला हाच पट्टा वापरतात. म्हणजे जवळचा बिनतारी संवाद हा काही दूरच्याचा धाकटा भाऊ नव्हे, थोरला आहे. मधली शंभर वर्षं दूर जाण्याच्या शर्यतीत गेली. १९०१ मध्ये मार्कोनींनी अटलांटिक ओलांडला आणि जगाचं लक्ष तिकडे लागलं.

पण दूर जाण्याच्या आधी एक अडचण सोडवायची होती. ठिणगी पडली की लहर सगळीकडे पसरते. मग कुणी कुणाचं ऐकायचं? इथे ट्यूनिंग आलं, आणि इथेच मिरज आली.

आम्ही परवा सतारमेकर गल्लीत गेलो होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यानं, वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. तलवारींचे दिवस सरले होते, हातातलं कसब मात्र होतं. त्या कसबाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही.

दुकानात एक सतार नुकतीच तयार झाली होती. कारागिरांनी वरची तार छेडली, आणि खालच्या तरफेच्या तारांपैकी एक आपसूक गुणगुणायला लागली. तिला कुणी हात लावला नव्हता. मग त्यांनी तरफेची खुंटी किंचित पिळली, वरची तार पुन्हा छेडली, तर खालची गप्प. तरफेची तार तेवढंच ऐकते, जे तिच्या स्वराचं असतं. बाकीचा सगळा आवाज तिच्या अंगावरून निघून जातो.

नेमका हाच प्रयोग विजेच्या बाबतीत ऑलिव्हर लॉज यांनी १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये केला. वीज साठवायच्या दोन बरण्या, लेडन जार म्हणतात त्या, प्रत्येकीला तारेचं वेटोळं. एकीत ठिणगी पाडली की दुसरीतही पडायची, पण दोन्हींची मंडलं सारखी जुळवलेली असली तरच. वेटोळं थोडं कमीजास्त केलं की दुसरी बरणी गप्प. लॉज यांनी याला ग्रीकवरून आलेला 'सिंटनी' हा शब्द वापरला, अर्थ सरळ आहे : स्वर एक होणं. १८९७ मध्ये त्यांनी या जुळवणीचं पेटंट मागितलं. पुढे लोकांनी सिंटनी सोडलं आणि गवयांचा साधा शब्द धरला, ट्यूनिंग. रेडिओचं बटण फिरवणं म्हणजे तरफेची खुंटी पिळणंच.

आता ही जुळवणी मोजायची कशी? सेकंदाला किती कंपनं, यावर. याला कंप्रता म्हणा, वारंवारता म्हणा. आणि हे मोजण्याचा ध्यास आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वीच घेतला गेला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला, तारेवर मोजमाप करून श्रुतींची गुणोत्तरं काढली आणि १९१० साली पुस्तक काढलं. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते. आणि प्रत्यक्ष गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांची समाधी आपल्या दर्ग्याच्या आवारात आहे. देवलांचं सगळं गणित त्या काळी सर्वांना पटलं असं नाही. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यांच्या श्रुती-हार्मोनियमवर बरीच खडाजंगी झाली. पण 'स्वर म्हणजे आकडाही असतो' ही गोष्ट सांगली-मिरज-सातारा या टापूत तेव्हाच बोलली जात होती. म्हणून आम्ही म्हणतो, फ्रिक्वेन्सी ही कल्पना आपल्याला नवी नाही.

आकडे फक्त वाढले. गाण्यातला मधला सा सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनांचा. सांगली आकाशवाणी आपण लावायचो ती १२५१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेबारा लाख कंपनं आणि लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. तुमच्या कानातल्या ब्लूटूथची कंपनं सेकंदाला २४० कोटींच्या घरात, आणि लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, अर्ध्या वितेएवढी.

इथवर पहिलं जुळणं झालं. आता त्याची मर्यादा बघा. मार्कोनींचा दावा होता की आमचं यंत्र नीट जुळवलेलं आहे, त्यात दुसऱ्या कुणाला शिरता येणार नाही. १९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांचं व्याख्यान होतं, आणि दूरच्या कॉर्नवॉलहून मार्कोनींचा संदेश यायचा होता. संदेश यायच्या आधीच यंत्र टकटकायला लागलं, आणि त्यातून उमटली मार्कोनींची टिंगल! हा उद्योग होता नेव्हिल मॅस्कलाइन या जादूगाराचा. जवळच प्रेषक लावून त्यानं भर सभेत दाखवून दिलं की स्वर जुळला म्हणजे गुपित राहिलं असं होत नाही.

सतारीचंच उदाहरण घ्या ना. एका खोलीत दहा सतारी सारख्या जुळवून ठेवल्या आणि एक छेडली, तर दहाही बोलतील. तरफ ओळख विचारत नाही, ती फक्त स्वर बघते.

रेडिओला याची अडचण नव्हती, कारण त्याला सगळ्यांनी ऐकायलाच हवं होतं. म्हणून त्याचा शब्द ब्रॉडकास्ट. हा शब्द मूळचा शेतकऱ्याचा. इंग्रजीत ब्रॉडकास्ट म्हणजे मुठीनं बी सगळ्या वावरात फेकणं. आपल्याकडे त्याला फोकणी म्हणतात. बी फोकलं, जिथे पडेल तिथे उगवेल. पण शेतात दुसरी पद्धतही आहे, टोकण. ठरावीक जागी, एकेक दाणा. जवळचा बिनतारी संवाद म्हणजे टोकण. माझ्या फोनमधलं गाणं माझ्याच कानात, शेजारच्याच्या नव्हे.

टोकण करायची तर आधी जमीन हवी. आणि आकाशाची जमीन सरकारची. आपल्याकडे १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा होता. बिनतारी उपकरण नुसतं जवळ बाळगायचं तरी परवाना लागायचा. सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन भरायला लागायचं. तो याच व्यवस्थेतला.

मग ब्लूटूथला परवाना का लागत नाही? १९४७ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखून ठेवले गेले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यातलाच, मायक्रोवेव्ह भट्टी चालते तोच. संवादाच्या दृष्टीनं ही गावकुसाबाहेरची, गोंगाटाची जागा. १९८५ मध्ये अमेरिकेनं अशा पट्ट्यांत परवान्याशिवाय कमी शक्तीचा संवाद करायला वाट मोकळी केली. भारतात २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधली कमी शक्तीची उपकरणं परवान्यातून सोडवली. आपल्याला हे गायरानासारखं समजा. मालकी कुणाची नाही, सगळ्यांना चराई मोकळी. पण मग गर्दी आली, वायफाय आलं, भट्टीचा गोंगाट होताच.

गर्दीत बोलायचं कसं, याचं उत्तर दोन शब्दांत आहे : चॅनेल आणि स्लॉट. चॅनेल म्हणजे पाट, स्लॉट म्हणजे पाळी. पाण्यावर भिजणाऱ्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही. पाणी एकच, पाट ठरलेले, पाळी ठरलेली. पाळी मोडली की भांडण. मूळच्या ब्लूटूथनं आपल्या पट्ट्याचे ७९ पाट पाडले, आणि सेकंदाच्या १६०० पाळ्या केल्या. दर पाळीला पाट बदलायचा. या उडीला फ्रिक्वेन्सी हॉपिंग म्हणतात. एका पाटात गोंगाट असला तर तेवढा तुकडा बिघडेल, पुढचा निभावेल.

या कल्पनेशी एक नाव कायमचं जोडलं गेलं आहे, हेडी लमार. हॉलिवूडची नटी. तिनं जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर १९४२ मध्ये पेटंट मिळवलं. पाणतीराला बिनतारी दिशा द्यायची आणि शत्रूला ती बिघडवता येऊ नये, म्हणून लहर सारखी बदलत ठेवायची. दोन्हीकडची उडी एकाच वेळी व्हावी म्हणून त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोची भोकांची पट्टी सुचवली, आणि पाट ठेवले ८८, पियानोच्या पट्ट्यांइतके. ही कल्पना त्यांच्या आधीही काहींनी मांडली होती, आणि ब्लूटूथ थेट त्यांच्या कागदावरून उतरवलेलं नाही. पण बघा, इथेही वाट संगीतातूनच गेली.

आता ब्लूटूथ या नावाकडे. स्वीडनच्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत जाप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन हे अभियंते आखूड पल्ल्याच्या रेडिओवर काम करत होते. फोन आणि त्याची जोडयंत्रं यांच्यामधली वायर काढायची, एवढाच हेतू. दुसऱ्या कंपन्याही असंच काही करत होत्या, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

असं झालं की काय होतं, हे मिरजेइतकं कुणाला माहीत असणार? आपल्या स्टेशनात एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ होते. १६७६ मिलिमीटर, १००० आणि ७६२. गाडी मिरजेला पोचायची, पण डबा पुढे जात नव्हता. माल उतरवायचा, हमालांनी दुसऱ्या डब्यात चढवायचा. गाड्या चांगल्या, रूळ चांगले, खोट फक्त मापाच्या करारात. परिभाषेत याला स्टँडर्ड म्हणतात, आपण मानक म्हणू.

तो करार करायला १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या. त्याच्या आदल्या वर्षी इंटेलच्या जिम कार्डाक यांनी तात्पुरतं म्हणून एक नाव सुचवलं होतं : दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड, टोपणनाव निळा दात. त्यानं डॅनिश मुलूख एक केला, तसं आपण संगणक आणि फोन एक करू. पक्कं नाव नंतर ठरायचं होतं, 'रेडिओवायर' हेही चर्चेत होतं. पण वेळेत कायदेशीर तपासणी झाली नाही आणि तात्पुरतं तेच कायमचं झालं. फोनवरचं ते टोकदार चिन्ह म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं, जुन्या रून लिपीतली, एकमेकांवर ठेवलेली.

या यंत्रांच्या छोट्या मेळ्याला पिकोनेट म्हणतात. जुन्या व्यवस्थेत एक प्रमुख आणि एका वेळी बोलते फार तर सात. प्रमुखाला शब्द होता मास्टर, बाकीच्यांना स्लेव्ह. मालक आणि गुलाम! अभियंत्यांनी हा शब्द कित्येक वर्षं बिनधास्त वापरला. २०२१ च्या आवृत्तीत तो काढून 'सेंट्रल' आणि 'पेरिफेरल' असे शब्द घेतले. यंत्राच्या कामात काडीचा फरक पडला नाही. मग बदलला कशासाठी? कारण शब्द यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो. आम्हाला विचाराल तर बैठकीतले शब्द जास्त चांगले : गवई आणि साथीदार. लय गवई ठरवतो, साथीदार त्याच्या इशाऱ्यावर वाजवतात, पण गुलाम कुणी नसतो.

आणि आता शेवटचा शब्द, पेअरिंग. इथे आपण दुसऱ्या जुळण्याला पोचलो, सोयरीकीला.

दोन यंत्रं एकाच पट्ट्यात आहेत, उड्याही सारख्या मारू शकतात. म्हणजे स्वर जुळलेला आहे. पण ओळख नाही. पेअरिंग म्हणजे ती ओळख. दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या वेळी भेट झाली की किल्लीवरून ओळख पटते, पुन्हा विचारावं लागत नाही. म्हणून 'पेअर' आणि 'कनेक्ट' हे वेगळे शब्द आहेत. पेअर म्हणजे सोयरीक, कनेक्ट म्हणजे येणंजाणं. येणंजाणं थांबलं तरी सोयरीक मोडत नाही. ती मोडायला यादीतून नाव काढावं लागतं.

सुरुवातीला ही ओळख चार आकड्यांवर व्हायची, आणि कित्येक यंत्रांचा आकडा चार शून्यंच असायचा. म्हणजे दाराला कुलूप, आणि किल्ली सगळ्या गावाकडे. २००७ मध्ये पद्धत सुधारली. आता बऱ्याचदा दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि विचारणा होते, हे सारखेच आहेत का? हा प्रश्न यंत्र तुम्हाला विचारतं, कारण मधे कुणी तिसरा शिरला आहे का, हे तिथे फक्त माणूसच बघू शकतो. मॅस्कलाइननं १९०३ मध्ये जो प्रश्न भर सभेत उभा केला, त्याचं उत्तर शंभर वर्षांनी तुमच्या अंगठ्यावर सोपवलेलं आहे.

आणि आपण काय करतो? आमच्या परिचयातले एक आजोबा आहेत. त्यांनी एसटीत बसल्या बसल्या अनोळखी नावाच्या यंत्राला होकार देऊन टाकला. नुकसान काही झालं नाही, नातवानं यादीतून ते काढलं. पण आजोबा जे म्हणाले ते आमच्या मनात राहिलं. "मला वाटलं, पेअर म्हणजे बंद कर." चूक आजोबांची नव्हती. त्यांना कळेल असा शब्दच तिथे नव्हता. 'सोयरीक करायची का? समोरचा ओळखीचा आहे का?' असं विचारलं असतं, तर ज्या माणसानं चार मुलींची लग्नं चौकशी करून लावली, त्यानं डोळे मिटून होकार दिला असता का?

म्हणून त्या तीन शब्दांकडे परत येतो. कंप्रता, वारंवारता, फ्रिक्वेन्सी. वाईच्या मंडळींनी शब्द घडवले ते कोशात राहावेत म्हणून नव्हे. बाजारातला शब्द वापरायलाही आमची हरकत नाही. ब्लूटूथ हे ब्लूटूथच राहू दे, निळा दात करायची गरज नाही. पण जिथे होकार मागितला जातो, तिथला शब्द माणसाच्या पोटात उतरला पाहिजे. पाट, पाळी, फोकणी, टोकण, साथीदार, सोयरीक, हे शब्द आपल्याकडे आहेत. ते अडाणी नाहीत. ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांनीही आपले शब्द शेतातून आणि गाण्यातूनच उचलले.

दारातल्या त्या गृहस्थांना आमचं उत्तर एवढंच : पोर कालचं आहे, पण कुळी जुनी आहे. घरी गेल्यावर फोनमधली जोडलेल्या यंत्रांची यादी एकदा उघडा. जे नाव ओळखीचं नाही, ते काढून टाका. आणि पुढच्या वेळी सहा आकडे दिसले, तर दोन्हीकडचे नीट वाचून मगच होकार द्या.